डाव्या टाचेची खूण

कोरीन लाफ्रेनियेरच्या भाल्यानं माझ्या नवऱ्याचा खांदा मोडला, त्याला दीड वर्ष झालं होतं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तीच कोरीन आमच्या अंगणात ट्रक लावून खाली उतरली. मागे घोड्याचा ट्रेलर होता. बाहेर उणे बावीस. आमच्याकडे अशा थंडीत दारात कुणीही आलं तरी आधी आत घेतात, हातात कॉफी देतात, मग काय काम ते विचारतात. मी दार अर्धंच उघडलं.

"मिसेस ट्वेट, एनार आहेत?"

"पागेत."

"मी जाऊ तिकडे?"

"पाय तुझे आहेत," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. मग खिडकीशी जाऊन उभी राहिले.

एनार सतरा वर्षं जाउस्टिंग खेळला. अंगभर पोलादी चिलखत चढवायचं, मधल्या लाकडी कठड्याच्या एका बाजूनं आपण आणि दुसऱ्या बाजूनं समोरचा, असे घोडे भरधाव सोडायचे आणि त्याच्या डाव्या खांद्यावरच्या जाड पोलादी पाटीवर आपला भाला मोडायचा. यात नाटक काही नसतं. लाकूड खरं, घोडे खरे, मारही खरा. आमच्या आल्बर्टा प्रांतात उन्हाळ्यातल्या जत्रांना हे सामने होतात. एनार खेळाडूंमध्ये सगळ्यांत बुटका, माझ्याएवढाच. पण त्याची मांड अशी पक्की की सतरा वर्षांत तो चारदाच पडला. त्याचं चिलखत मी चढवायचे. एकवीस पट्टे. कुठला किती आवळायचा ते मी डोळे मिटून सांगेन.

त्या दिवशीही मीच आवळले होते. कोरीनचा भाला पाटीच्या कडेवरून घसरला आणि काखेच्या फटीत शिरला. पंचांनी सगळं तपासलं, कुणाचीच चूक निघाली नाही. एनार तर स्ट्रेचरवरून म्हणत होता, "मार सरळ होता, मीच वाकडा होतो." दोन शस्त्रक्रिया झाल्या. आता त्याचा डावा हात छातीच्या वर जात नाही. चूक कुणाची नाही हे मलाही कळत होतं. पण रोज सकाळी मी त्याला शर्टाची बाही चढवायचे, तेव्हा ते कळून काही उपयोग नसायचा.

आणि एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी कोरीन हॉस्पिटलात आली होती. हातात मक्याच्या पिठाच्या पिशवीत गुंडाळलेली सूर्यफुलं, डोळे सुजलेले. मी तिला कॉरिडॉरमध्येच गाठलं. "त्याला तुझं तोंड बघायचं नाहीये," असं सांगितलं आणि पुढे केलेली फुलं तिच्याच हातात परत दिली. एनारनं असं काही म्हटलं नव्हतं. तो तर दर दोन दिवसांनी विचारायचा, "ती पोर आली होती का गं?" मी "नाही" म्हणायचे.

खिडकीतून फार वेळ काही दिसेना, तेव्हा मी कोट चढवला आणि पागेत गेले.

कोरीननं घोडा ट्रेलरमधून उतरवला होता. काळाभोर, छाती दरवाजाएवढी, खूर जेवणाच्या ताटाएवढे. नऊशे किलोंचा, पर्चेरॉन जातीचा, आणि त्याचं नाव मफिन, म्हणजे वाटीएवढा गोड केक. पहिल्या मालकाच्या चार वर्षांच्या मुलीनं ठेवलेलं. नंतर बदलून पाहिलं, पण दुसऱ्या कुठल्या नावानं तो मान वर करेना.

"बिघडलाय," कोरीन सांगत होती. "कठड्याच्या कडेनं सरळ धावतो आणि मारायच्या आधी तीन टापा उरल्या की उजवीकडे पळ काढतो. भाला पोचतच नाही. मागच्या मोसमात एकही नीट फेरी झाली नाही. बर्फातल्या गाडीला वगैरे जुंपायला कुणाला हवा असेल तर द्यायचाय. तुमची ओळख आहे सगळीकडे, म्हणून आले."

"द्यायचाय?" एनार म्हणाला. त्यानं उजव्या हातानं मफिनच्या मानेवर थोपटलं. "अशा घोड्याला जत्रेत पोरंटोरं फिरवायला लावणार?"

"मग काय करू? मी सगळं करून पाहिलं. दुसरा लगाम, दुसरं खोगीर, पशुवैद्य, डोळे, दात, पाठ. काही दुखत नाहीये त्याचं."

"महिनाभर ठेव इथं."

"तुमच्याकडे?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी गवताच्या गठ्ठ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे नाही तर काय मेयरकडे? पण एक अट. शनिवार-रविवार तू यायचं. घोडा एकटा शिकत नसतो."

ती गेल्यावर मी एनारला म्हटलं, "तुला दुसरं कुणी मिळालं नाही?"

"मला कुणी मिळायला मी कुठं गेलो होतो? ती आलीये," तो म्हणाला. दीड वर्षात पहिल्यांदा तो शीळ घालत घरी आला, म्हणून मी पुढे बोलले नाही.

आमच्या यंत्रांच्या लांब शेडमध्ये एनारनं पूर्वीच कठडा घातला होता. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला वाळू. गेल्या दीड वर्षात तिथं रिकामी पिंपं आणि मोडका ट्रेलर येऊन पडला होता. एनारनं मला कामाला लावलं. दोन दिवसांत आम्ही सगळं बाहेर काढलं.

पहिले आठ दिवस त्यानं मफिनला नुसतं चालवलं. पुढच्या आठवड्यात स्वतः वर बसला. मला धडकी भरली होती, पण लगामाला एक हात पुरतो आणि मांड कुठं खांद्यात असते? कठडा डाव्या हाताला ठेवून त्यानं घोडा सोडला. मफिन दोरी आखल्यासारखा सरळ गेला. पुन्हा सोडला. पुन्हा सरळ.

"आता तू समोरून ये," एनार मला म्हणाला. मी आमच्या हेल्गावर बसले. हेल्गा एनारची झुंजीची घोडी, एकोणीस वर्षांची, जगातलं सगळं पाहून झालेली. कठड्याच्या पलीकडून मी भरधाव आले, बगलेत भाल्याच्या जागी लांब काठी. मफिननं कान पुढे केले, एवढंच. जागा सोडली नाही.

"घोड्याला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटतं," एनार म्हणाला. "पण तिच्याजवळ बोलू नकोस."

"मी कशाला बोलतेय तिच्याशी?"

त्या शनिवारी कोरीन आली. ती तालुक्याच्या रस्त्यांवर बर्फ सारायचं मोठं ग्रेडर यंत्र चालवते. पहाटे चारपासून काम करून थेट आमच्याकडे आली होती. ती वर बसली, मी समोर हेल्गावर. साठ पावलांची वाट. तीन टापा उरल्या आणि मफिन ठरल्यासारखा उजवीकडे सरकला. दोन घोड्यांमध्ये गाडी जाईल एवढं अंतर पडलं.

"बघितलंत?" कोरीन ओरडली. "माझ्यावरच राग आहे याचा!"

एनारनं तिला लगाम घोड्याच्या मानेवर गाठ मारून सोडायला लावला आणि हाताची घडी घालून घोडा पळवायला सांगितलं. तरी तेच झालं. मग तो माझ्याकडे वळला.

"डारिया, घरात मैदा आहे?"

"आहे. पण त्याचे मी पिरोगी करणारे, बटाट्याचं सारण भरून."

"वाटीभर दे. पाण्यात कालवून आण. पातळ नको."

मी आणला. एनारनं तो कोरीनच्या दोन्ही बुटांच्या टाचांना आतल्या बाजूनं फासला.

"हे काय?" ती म्हणाली. "मला तळणार आहात?"

"पळव घोडा."

ती धावली, मी समोरून गेले, मफिन सरकला. वाटेच्या टोकाला एनारनं तिला थांबवलं, खाली उतरवलं आणि घोडा तिच्यासमोर आडवा उभा केला. उजव्या बाजूला, खोगिराच्या तंगाजवळ, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्याजवळ, पिठाचा अस्पष्ट डाग होता. डाव्या बाजूला तंगाच्या मागे वीतभर अंतरावर काळ्या केसांत पांढरा पट्टा उमटला होता. लांब, जोरानं दाबून ओढलेला.

घोड्यावर बसणाऱ्या कुणालाही ते वाचता येतं. डावी टाच तिथं दाबली म्हणजे घोड्याला सांगायचं, उजवीकडे हो.

कोरीन त्या पट्ट्यापाशी वाकली. मग तिनं हातमोजा काढून तो पुसला. पुसला गेला नाही, पसरला.

"मी सांगतेय त्याला," ती म्हणाली.

"हो."

"तो ऐकतोय माझं."

"एवढा आज्ञाधारक घोडा मी पाहिला नाही," एनार म्हणाला. "याला बर्फगाडीला जुंपणार होतीस तू."

ती वाळूतच खाली बसली. "मला तो आवाज ऐकू येतो," ती म्हणाली. "समोरचा जवळ आला की तुमच्या खांद्याचा आवाज येतो. दर वेळी. मी ठरवून नाही करत हो. मला कळतसुद्धा नाही."

"आवाज मलाही आठवतो," एनार म्हणाला. "वाईटच होता. पण पोरी, तो खांदा माझा होता. मी परत त्या वाटेवर घोडा घातला की नाही या आठवड्यात?" मग तो म्हणाला, "आणि तू हॉस्पिटलात आली नाहीस, ते मी कधी मनात धरलं नाही. घाबरली असशील असंच समजलो."

कोरीननं मान वर केली. तिची नजर माझ्यावर आली. मी हेल्गाचा तंग सैल करत होते. माझी बोटं थांबली. ती आता सांगणार, असं मला वाटलं.

"हो," ती म्हणाली. "घाबरले होते."

ती गेली. मी पिरोगी केले नाहीत. मैदा संपला होता आणि भूकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पागेत लीद काढताना मी एनारला सगळं सांगितलं. सूर्यफुलं, कॉरिडॉर, मी काय म्हणाले ते. तो फावड्याला टेकून ऐकत होता. उजव्या हातानं फावडं ढकलायचं आणि पोटानं रेटायचं, असं तो आता काम करतो.

"मी तिला भित्री समजत होतो," तो शेवटी म्हणाला. "दीड वर्ष. आणि काल तिनं तुला झाकून घेतलं."

"मला माहितीये."

"मग मला काय सांगतेस? तिला सांग."

त्या दिवशी तो माझ्याशी त्यानंतर एक शब्द बोलला नाही. तीस वर्षांच्या संसारात असं दोनदाच झालंय.

सोमवारी मी गाडी घेऊन निघाले. रात्री बर्फ पडलं होतं, म्हणजे कोरीन रस्त्यावर असणारच. पुलाच्या अलीकडे पिवळा दिवा फिरताना दिसला. मी गाडी कडेला लावली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ग्रेडर माझ्यापासून दहा हातांवर थांबला. कोरीननं वरचं दार उघडलं.

"मिसेस ट्वेट! मरायचंय का तुम्हाला?"

"मला बोलायचंय!"

"इथं?"

"इथंच! घरी गेले तर मला जमणार नाही!" यंत्राच्या घरघरीत मला ओरडावं लागत होतं, आणि माफी ओरडून मागणं फार अवघड असतं. "मी खोटं बोलले होते! त्याला तुला भेटायचं होतं! सारखा विचारत होता! मी त्याला सांगितलंच नाही तू आलीस ते! आता सांगितलंय!"

वाफ तिच्या तोंडासमोर येत-जात होती.

"ऐकलंस का?"

"ऐकलं!"

"मग काही बोल ना!"

"मिसेस ट्वेट, तुमच्या मागे दुधाचा टँकर उभाय! तो कधीचा हॉर्न वाजवतोय!"

मी मागे वळून पाहिलं. टँकरवाल्यानं दोन्ही हात हवेत पसरले होते. मी बाजूला झाले. कोरीन खाली उतरली, टँकरला हातानं वाट करून दिली आणि माझ्याजवळ आली. तिच्या पापण्यांवर बर्फ साचलं होतं.

"तुमच्या जागी मी असते तर फुलं तोंडावर फेकली असती," ती म्हणाली. "तुम्ही निदान परत दिलीत."

"डारिया म्हण मला."

"बघते. एकदम नाही जमणार."

पण टाच तशीच राहिली. समजलं म्हणून अंग ऐकतंच असं नाही. मार्चभर ती येत राहिली. चालत सरळ, दुडक्या चालीत सरळ, भरधाव सोडलं की तीन टापा आधी डावा पाय आपोआप आत. एनार शिव्या द्यायचा नाही, फक्त "पुन्हा" म्हणायचा. गवत भरलेल्या पुतळ्यावर तिनं वीस भाले मोडले. पुतळ्याला ती घाबरत नव्हती. त्याला खांदा नव्हता ना.

"हिला भाला मारायला खरं माणूस हवं," एनार एका संध्याकाळी कॉफी पिताना म्हणाला. "हलक्या लाकडाच्या टोकानं, सावकाश. मार खाऊन हसत उठणारं माणूस. मला डॉक्टरनं मनाई केलीये. दुसरं कोण..."

"मी," मी म्हटलं.

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

"चौपन्न वर्षांची आहेस तू."

"आणि तुझ्याच मापाची. सतरा वर्षं ते लोखंड पुसलंय मी. एकदा आत जाऊन बघू दे."

पुढच्या रविवारी चिलखत चढवायची वेळ आली तेव्हा एनारचा एक हात पुरेना. कोरीनला यावं लागलं. मी उभी आणि ती पट्टे आवळतेय.

"ते उलटं लावतेयस. बकल बाहेरून."

"असं?"

"आणखी एक भोक. श्वास घेतला तर टेकलं पाहिजे... हां. आता खांद्याची पाटी. हा स्क्रू पूर्ण पीळ. अजून. हीच जागा आहे, इथं कसर ठेवायची नाही."

तिचा हात तिथं थांबला. तीच जागा होती. तिनं स्क्रू घट्ट पिळला, मग ओढून पाहिला, मग परत ओढून पाहिला.

शिरस्त्राण डोक्यावर चढलं आणि जग एका बोटाएवढ्या फटीत मावलं. आत माझाच श्वास मला ऐकू येत होता, भट्टीच्या भात्यासारखा. सतरा वर्षं मी नवऱ्याला या डब्यात घालून बाहेर उभी राहायचे आणि मला वाटायचं, भीती बाहेरच्यालाच असते. हेल्गा मात्र खूश झाली होती. चिलखताचा आवाज ऐकून ती नाचायलाच लागली.

पहिली फेरी चालत. कोरीनच्या भाल्याचं टोक माझ्या पाटीला टेकलं, एवढंच. दुसरी दुडक्या चालीत. टक् असा आवाज झाला.

"लागलं का?" कोरीन ओरडली.

"भाकरी थापल्यासारखं लागलं!" मी म्हटलं. "जेवून आलीस ना?"

तिसऱ्या फेरीला घोडे सोडले. फटीत मला काळी छाती मोठी होताना दिसली, आणि तीन टापा उरल्या असताना मफिन पुन्हा सरकला. चौथ्यालाही तेच. पाचव्या फेरीआधी मी कठड्याशी हेल्गा थांबवली आणि शिरस्त्राणाची झडप वर केली.

"कोरीन, ऐक. मला उगीच हा डबा घालून उन्हातान्हात... म्हणजे थंडीत फिरवू नकोस. मला घाम फुटलाय, नाक खाजतंय आणि मला खाजवता येत नाहीये. मी तुझ्यावर दीड वर्ष दात धरला. एक तरी नीट ठेवून दे मला."

एनार कठड्यामागे जोरात हसला. कोरीनही हसली, आणि हसता हसताच तिनं घोडा फिरवला.

या वेळी छाती मोठी होत गेली आणि होतच राहिली. फटीतून काळ्याशिवाय काही दिसेना. मग कुणीतरी दरवाजा लाथेनं उघडावा तसा खांद्यावर दणका बसला, हलक्या लाकडाचे तुकडे शिरस्त्राणावर पावसासारखे वाजले आणि मी मागे वाकून आढ्याकडे बघत होते. खोगिराची पाठ उंच म्हणून टिकले. वाटेच्या टोकाला हेल्गा आपली आपण थांबली. मला बोलायला दम नव्हता. मी हात वर केला. मग मला हसू फुटलं आणि ते त्या डब्यात इतकं घुमलं की एनारला वाटलं मी रडतेय. तो धावत आला.

"डारिया! डारिया, लागलं का?" कोरीन लांबूनच ओरडत होती. तिनं मला नावानं हाक मारली हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"पुन्हा!" मी म्हटलं.

त्या दिवशी आणखी चार टोकं मोडली. संध्याकाळी माझ्या खांद्यावर तळहाताएवढी काळीनिळी जागा होती आणि मी ती दोघांना दोनदा दाखवली.

जुलैत विलो बेंडच्या जत्रेत सामने होते. आठ जण आले होते, कोरीन धरून बायका दोन. तिचं चिलखत मी चढवलं. एनार भाले निवडत होता, एकेक हातात घेऊन गाठी बघत. इथं टोकं हलक्या लाकडाची नव्हती. सरळसोट फर लाकूड, मनगटाएवढं जाड.

निवेदकानं तिचं नाव मोठ्या थाटात घेतलं आणि म्हणाला, "आणि तिचा जंगी घोडा... मफिन!" लोक खो-खो हसले. मग मफिन मैदानात आला आणि हसणं विरत गेलं.

शनिवारच्या दोन्ही साखळी लढती तिनं जिंकल्या. सहज नाही, पहिल्या फेरीत तिचा भाला हुकला. पण चुकला होता तो भाला, घोडा नाही. मफिन कठड्याला इतका चिकटून धावत होता की त्याच्या झुलीचा काठ लाकडावर घासून फाटला. मी तो संध्याकाळी टाके घालून शिवला.

रविवारी दुपारी उपांत्य लढत मॅनिटोबा प्रांतातल्या लेलंड पेटकाऊशी. साडेसहा फुटांचा माणूस, स्वभावानं गाईसारखा, भाला मात्र तोफेसारखा. पहिल्याच फेरीत त्यानं कोरीनला उचललं. ती घोड्याच्या मागून वाळूत आपटली. मफिन रिकाम्या खोगिरानं वाटेच्या टोकापर्यंत सरळ गेला, वळला आणि उभा राहिला. कोरीन उठून बसली, थुंकली, "ठीक आहे" अशी खूण केली आणि पुन्हा चढली. दुसऱ्या फेरीत दोघांचे भाले मोडले.

तिसऱ्या फेरीत तिचा भाला त्याच्या पाटीच्या बरोबर मध्यावर बसला. मोडला नाही. वाकला आणि लेलंडला खोगिरातून काढून घेऊन गेला. एवढा मोठा माणूस पाठीवर पडला तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल.

आणि तो हलेना.

मी एनारचा दंड धरला. कोरीननं वाटेच्या टोकाला घोडा वळवला होता. तिनं भाला टाकला, खाली उडी मारली आणि पंचवीस किलो पोलाद अंगावर घेऊन ती त्या वाळूतून पळत निघाली. वैद्यकीय मदतीची माणसं तिच्याआधी पोचली. ती गुडघ्यांवर बसली. एक मिनिट गेलं असेल. मला ते एक जेवण उरकेल एवढं लांब वाटलं. मग लेलंडची झडप उघडली, आणि तो आभाळाकडे बघत काहीतरी म्हणाला. कोरीनचे खांदे गदगदा हलायला लागले. हसतेय की रडतेय, लांबून कळेना.

नंतर तिनं सांगितलं. तो म्हणाला होता, "दम गेला होता छातीतला. त्या मफिनला सांग, मी त्याला ब्ल्यूबेरी घातलेला केक समजलो होतो." डॉक्टरांनी त्याला तपासून सोडलं, पण गुण बरोबरीत असूनही पुन्हा घोड्यावर बसू दिलं नाही, म्हणून लढत कोरीनला मिळाली. तासाभरात तो आमच्या तंबूत सास्काटून नावाच्या रानफळांचा भाजलेला गोड केक खात बसला होता.

अंतिम लढतीला पाऊण तास होता. कोरीन उलट्या बादलीवर बसली होती. हातमोजे काढून पुन्हा चढवत होती.

"मला तुझ्या खांद्याचा तो आवाज ऐकू येतो का, विचार," ती एनारला म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याला 'तू' म्हटलं.

"येतो का?"

"येतो. पण आता त्यात लेलंडचंही बोलणं येतं." ती उठली. "डारिया, पाटीचा स्क्रू बघतेस?"

मी बघितला. पिळून, ओढून, परत ओढून.

समोर गेल्या वर्षीचा विजेता होता. चार फेऱ्या झाल्या. चारही वेळा मफिन सरळ धावला, आणि मी दुर्बीण लावून फक्त तिच्या डाव्या पायाकडे बघत होते. तो पाय रिकिबीत खाली, लांब, शांत होता. तिनं तीन भाले मोडले, त्यानंही तीन. त्याचा एक भाला अगदी मुठीजवळ मोडला, त्याचा एक गुण जास्त धरला गेला. एका गुणानं कोरीन हरली. पंचांनी निकाल सांगितला तेव्हा ती मफिनच्या मानेवर आडवी पडून त्याला मिठी मारत होती. तिला निकाल दुसऱ्यांदा सांगावा लागला.

चिलखत उतरवलं, तिनं बादलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. घोड्याच्या अंगावरून वाफ निघत होती. त्याला तसाच ट्रेलरमध्ये घालणं बरं नव्हतं, आधी फिरवून थंड करायला हवं होतं. कोरीननं लगाम एनारच्या हातात दिला.

"माझे पाय गेलेत. तू नेतोस?"

एनारनं खोगीर मागितलं नाही. ट्रेलरच्या पायरीवर चढून तो त्या रुंद काळ्या पाठीवर बसला, डावा हात मांडीवर ठेवला आणि मफिनला नदीच्या बाजूला वळवलं. त्यांना कुणाला घाई नव्हती. पॉप्लर झाडांमागे ते दिसेनासे झाले, तेव्हा मी आणि कोरीन खाली बसलो आणि घामानं भिजलेले पट्टे पुसायला घेतले.